घोरण्याचा हिशेब ठेवणारे अधिकारी

घरात कुणी घोरू लागले की आपल्याकडे थट्टा सुरू होते. नातवंडे दादांच्या घोरण्याची नक्कल करतात, मोठी माणसे हसतात, आणि 'बघा किती गाढ झोप लागलीय' असे म्हणून कुणीतरी त्यांच्या अंगावर चादर ओढते. घरातली बाई घोरत असेल तर मात्र थट्टाही होत नाही. ती गोष्ट चार भिंतींच्या आत ठेवली जाते. लग्नाच्या वयाची मुलगी घोरत असेल तर तिची अम्मी ते सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाही. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नसून कधीकधी श्वास अडकल्याचे लक्षण असते, आणि त्याचा संबंध थेट हृदयाशी आणि रक्तदाबाशी असतो, ही माहिती अजून आपल्या पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही.

ही माहिती जगाला झाली कशी? शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे पुस्तकांत सापडतात. पण झोपेसारख्या विषयावर हजारो माणसे वर्षानुवर्षे तपासायची म्हणजे पैसा लागतो, तो सरकारी तिजोरीतून येतो, आणि तो कुणाला द्यायचा, कसा द्यायचा, दिल्यावर त्याचे काय झाले, हे पाहणारे कुणीतरी लागते. हे काम कारकुनाचे नाही. ते शास्त्रज्ञच करतात. अशा एका शास्त्रज्ञाच्या नोकरीची ओळख या महिन्यात करून द्यावी असे आम्ही ठरवले आहे. कारण सायन्स घेतलेल्या मुलामुलींच्या घरांत 'डॉक्टर नाही झाला तर पुढे काय' हा एकच प्रश्न घोळत असतो, आणि त्याच्या उत्तरात हे काम कधी कुणी मोजत नाही.

त्यांचे नाव मायकेल ट्वेरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय निद्राविकार संशोधन केंद्राचे ते दहा वर्षांहून अधिक काळ संचालक होते. नावामागे डॉक्टर लागते ते पीएचडीचे. रुग्ण तपासणारे डॉक्टर ते नव्हेत. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येणार नाही. पण त्यांच्या काळात त्यांच्या केंद्राच्या टेबलावरून ज्या फायली पुढे गेल्या, त्यांतल्या काही आज कानाच्या, घशाच्या आणि छातीच्या डॉक्टरांना उपयोगी पडत आहेत.

हे केंद्र आहे कुठे, ते आधी सांगतो. वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँड राज्यात बेथेस्डा नावाचे गाव आहे. तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे मोठे आवार आहे. कर्करोग, डोळे, मेंदू, बालआरोग्य अशा एकूण २७ संस्था आणि केंद्रे त्यात येतात. त्यांचा वर्षाचा खर्च चाळीस अब्ज डॉलरांहून अधिक आहे, आणि त्यातला पाचापैकी चार भागांहून जास्त पैसा त्या आवारात खर्च होतच नाही. तो देशभरातल्या विद्यापीठांना आणि रुग्णालयांना संशोधनासाठी वाटला जातो. झोपेचे केंद्र त्या आवारातल्या हृदय, फुप्फुस आणि रक्त यांच्या संस्थेत आहे. झोप हा मेंदूचा विषय, मग केंद्र हृदयाच्या घरात कसे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर घोरण्यातच आहे.

गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की हवेची वाट आधी अरुंद होते, तेव्हा घोरण्याचा आवाज येतो, आणि मग वाट पूर्ण बंद होते, तेव्हा आवाज थांबतो. घरच्यांना वाटते, चला, घोरणे थांबले. खरे तर त्या वेळी श्वास थांबलेला असतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन धाप टाकतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. असे तासाला पाच-दहा वेळा, काहींना तीसहून अधिक वेळा होते. प्रत्येक वेळी हृदयावर ताण येतो आणि रक्तदाब उसळी मारतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी त्याचे नीट वर्णन केले. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती शोधली. आज ज्याला आपण सीपॅप मशीन म्हणतो ते हेच.

म्हणजे आजार कळला होता, उपायही निघाला होता. मग सरकारी केंद्राची गरज काय होती? गरज होती, कारण हा आजार किती माणसांना आहे, हेच कुणाला माहीत नव्हते. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: लठ्ठ, मध्यमवयीन, दिवसा पेंगणारा पुरुष.

विल्यम डिमेंट नावाच्या डॉक्टरांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला. ते शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले. त्याच प्रयोगशाळेत युजिन ॲसेरिन्स्की यांनी आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून, झोपेत डोळे झरझर फिरतात तो काळ नोंदवला होता, आणि १९५३ साली क्लाइटमन यांच्यासह तो शोध प्रसिद्ध केला होता. (क्लाइटमन स्वतः १९३८ साली एका सहकाऱ्यासह केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते. शरीराला चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांच्या दिवसाची सवय लागते का, ते पाहायला. सहकाऱ्याला लागली, क्लाइटमनना लागली नाही. मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.) डिमेंट यांनी १९७० साली स्टॅनफर्डला निद्राविकारांचा दवाखाना काढला. पुढे १९८८ साली अमेरिकेच्या संसदेने झोपेच्या विकारांवर एक आयोग नेमायचे ठरवले आणि डिमेंट त्याचे अध्यक्ष झाले. आयोगाने देशभर सुनावण्या घेतल्या. १९९३ साली अहवाल आला: सुमारे चार कोटी अमेरिकन माणसे झोपेच्या जुनाट विकारांनी त्रस्त आहेत, आणि बहुतेकांचे निदानच झालेले नाही. त्याच वर्षी कायदा होऊन हे केंद्र स्थापन झाले. त्याच्या सल्लागार मंडळात शास्त्रज्ञांबरोबर सामान्य नागरिकही असावेत, हे कायद्यातच लिहिले आहे. आम्हाला ही तरतूद फार आवडली. ज्याची झोप गेली आहे, त्याला बैठकीत खुर्ची असायलाच हवी.

आता प्रत्यक्ष काम. एखाद्या विद्यापीठातल्या संशोधकाला कल्पना सुचते, तो अर्ज करतो. अर्ज करण्याआधी तो अनुदान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला फोन करतो: साहेब, हा विषय तुमच्या संस्थेत बसतो का? हा अधिकारी स्वतः पीएचडी किंवा एमडी झालेला, स्वतः कधीतरी प्रयोगशाळेत राबलेला असतो. म्हणून तो सांगू शकतो की विषय चांगला आहे पण माणसे कमी घेतलीत, किंवा हेच काम आधी झाले आहे. इथपर्यंत तो सल्लागार.

पुढे मात्र त्याच्या हाताला बांध घातलेला आहे. अर्जाची गुणवत्ता तो ठरवत नाही. ते काम बाहेरच्या संशोधकांची समिती करते, आणि ती समिती चालवणारा अधिकारीही वेगळा असतो. अर्ज समितीतल्या एखाद्याच्याच विद्यापीठातला असेल, किंवा त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा असेल, तर त्या सदस्याला खोलीबाहेर जावे लागते. गुण १ ते ९ असे देतात. १ सगळ्यांत चांगला. अनुदान सांभाळणारा अधिकारी तिथे बसून ऐकू शकतो, पण गुणांत त्याचा शब्द चालत नाही. नंतर अर्ज सल्लागार परिषदेपुढे जातो. त्या परिषदेतही सामान्य नागरिकांचे प्रतिनिधी असतात. साधारण पाच अर्जांतल्या एकाला पैसे मिळतात. उरलेल्या चौघांना फोनवर समजावणे हेही याच अधिकाऱ्याचे काम! समितीने काय आक्षेप घेतले, पुढच्या वेळी काय सुधारावे, पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का, हे तो सांगतो. वर्षानुवर्षे 'नाही' म्हणायचे आणि तरी समोरच्याने उमेद सोडू नये असे म्हणायचे, हे सोपे नाही.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे: अमानत. पैसा माझा नाही, मर्जी माझी नाही, राखण माझी आहे. जिथे ओळखीने काम होते असा समज आपल्या मनात पक्का बसला आहे, तिथे ही रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. माणूस प्रामाणिक असेलच असे गृहीत न धरता दोन अधिकाऱ्यांची कामे वेगळी ठेवली आहेत, म्हणून ती चालते.

मग संचालकाच्या हातात काय उरते? दिशा. कोणते प्रश्न अजून कुणी विचारलेच नाहीत, ते हेरून त्यासाठी खास अर्ज मागवता येतात. झोपेवर काम करणाऱ्या इतर संस्थांना एका टेबलावर आणता येते. सगळ्यांची मिळून संशोधनाची योजना लिहिता येते. ट्वेरी यांच्या काळातली अशी योजना २०११ साली निघाली. त्यांच्या आधी कार्ल हंट नावाचे बालरोगतज्ज्ञ संचालक होते. त्यांच्या काळात, २००१ साली, मुलांना नऊ तास झोप हवी हे सांगायला केंद्राने कार्टूनमधल्या गारफिल्ड मांजराला हाताशी धरले होते. सरकारी खात्याला इतकी गंमत सुचली, हे नवलच.

आजार किती पसरला आहे, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर विस्कॉन्सिन राज्यातून आले. तिथल्या विद्यापीठात टेरी यंग यांनी सरकारी मदतीवर ३० ते ६० वयाच्या ६०२ राज्य कर्मचाऱ्यांना रात्रभर तारा लावून झोपवले. हे रुग्ण नव्हते, कार्यालयात जाणारी-येणारी माणसे होती. १९९३ साली आकडे आले: पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के जणांचा श्वास तासाला पाच किंवा अधिक वेळा अडकत होता. त्याबरोबर दिवसा त्रासदायक पेंग असणारे पुरुष ४ टक्के, स्त्रिया २ टक्के.

स्त्रियांच्या या आकड्यापाशी आम्हाला जरा थांबायचे आहे. तोवर दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत पुरुषच पुरुष दिसत, म्हणून डॉक्टरही याला पुरुषांचा आजार समजत. प्रत्यक्षात जितक्या स्त्रियांना त्रास होता तितक्या दवाखान्यात येतच नव्हत्या. कारण पुरुषाचे घोरणे त्याची बायको डॉक्टरांना सांगते; बायकोचे घोरणे कोण सांगणार? ती थकलेली असते, सकाळी डोके दुखते, चिडचिड होते, आणि सगळे घर म्हणते की वयोमानाने होते, काम जास्त पडते. आपल्या घरांत हे चित्र ओळखीचे नाही असे कुणी म्हणू शकेल का?

विस्कॉन्सिनच्या त्याच पाहणीत पुढे ७०९ जणांचा चार वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांचा श्वास तासाला पंधराहून अधिक वेळा अडकत होता, त्यांच्यात चार वर्षांनी रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. हा निष्कर्ष २००० साली आला. झोपेचे केंद्र हृदयाच्या घरात का, याचे उत्तर मिळाले. याच सुमारास आणखी मोठी पाहणी चालू होती. हृदयविकाराच्या जुन्या पाहण्यांमध्ये ज्यांची नावे आधीच नोंदलेली होती, अशा ४० वर्षांवरील ६,४४१ स्त्री-पुरुषांच्या घरी तंत्रज्ञ संध्याकाळी जात, छातीला पट्टे, बोटाला चिमटा, डोक्याला तारा लावून येत, आणि माणूस स्वतःच्या गादीवर झोपे. दवाखान्यातल्या अनोळखी पलंगावर कुणाला नीट झोप लागते?

आपल्याकडचा आकडाही आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारले आणि त्यांतल्या २५० जणांच्या घरी झोपेची तपासणी केली. २००४ साली त्यांनी लिहिले की १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडकतो आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा पेंगही येते. म्हणजे हा श्रीमंत देशांतल्या लठ्ठ माणसांचा आजार आहे, ही समजूत मुंबईतच खोटी ठरली आहे. स्त्रियांना मात्र त्या पाहणीत घेतलेले नव्हते.

ट्वेरी यांच्या काळातल्या कामांपैकी आयांनी लक्ष द्यावे असे एक आहे. लहान मुले घोरतात तेव्हा बहुधा टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइड नावाची गाठ वाढलेली असते. डॉक्टर म्हणतात, काढून टाका. आजी म्हणते, मोठा झाला की आपोआप बसेल. खरे कोण? हे ठरवायला ५ ते ९ वर्षांची, झोपेत श्वास अडकणारी ४६४ मुले घेतली. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी करून निम्म्यांचे ऑपरेशन लवकर केले, निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवले. सात महिन्यांनी सगळ्यांना तपासले. अशा प्रयोगावर बाहेरचे स्वतंत्र मंडळ नजर ठेवते, कारण कुणाच्यातरी लेकराला 'थांब' म्हटलेले असते. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फार उतरत होता, अशा मुलांना त्यात घेतलेच नव्हते.

२०१३ साली निकाल आला, आणि ज्या गोष्टीसाठी प्रयोग केला होता तीच सिद्ध झाली नाही! ऑपरेशनने मुलांचे चाचणीतले लक्ष आणि विचारशक्ती अधिक सुधारेल अशी अपेक्षा होती. दोन्ही गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. पण ऑपरेशन झालेल्या मुलांचे वागणे सुधारले, पेंग कमी झाली, आणि ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी पूर्ववत आली. न केलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे डॉक्टर बरोबर, आणि जवळजवळ निम्म्या मुलांपुरती आजीही बरोबर. लाखो डॉलर खर्चून 'आम्हाला वाटले तसे झाले नाही' हे छापण्याची मुभा सरकारी पैशात असते, आणि आमच्या मते हाच त्या पैशाचा सगळ्यांत चांगला उपयोग आहे. औषध विकणाऱ्याला असे छापणे परवडत नाही. आपले मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि ऑपरेशन लगेच हवे की थांबून पाहता येईल, हे मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता या नोकरीविषयी घरात बोलायचे झाले तर. वाट लांब आहे: बीएस्सी, एमएस्सी किंवा औषधशास्त्र, मग पीएचडी, त्यानंतर काही वर्षे प्रयोगशाळेत. तिशी उलटते. नाव होत नाही, कारण शोधनिबंधावर दुसऱ्यांची नावे असतात. प्रयोगशाळा सोडताना अनेकांना दुःख होते, सहकारी म्हणतात की याने हत्यार खाली ठेवले. पण पगार नियमित, वेळ ठरलेली, आणि संपूर्ण विषयावर नजर. भारतात हे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत आहे, जिथे 'सायंटिस्ट-बी' पासून पदे सुरू होतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांत आहे. २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानातही आहे. आपल्या मुली एमएस्सीपर्यंत उत्तम गुणांनी शिकतात आणि पुढे 'बीएड करून टाक' असे त्यांना सांगितले जाते. बीएड वाईट नाही. पण ज्या मुलीला वाचायची, तोलायची, नीट लिहायची आवड आहे, तिच्यासमोर हा पर्यायही ठेवायला हवा.

ट्वेरी यांच्यानंतर मारिष्का ब्राउन या केंद्राच्या संचालक झाल्या. त्याही पीएचडी झालेल्या संशोधक. २०२१ साली नवी योजना निघाली.

आणखी एक गोष्ट विज्ञान शिकणाऱ्या वाचकांसाठी. सरकारी पैशातून हजारो माणसांच्या झोपेच्या ज्या नोंदी जमल्या, त्या ज्यांनी जमवल्या त्यांच्याच कपाटात राहू नयेत म्हणून २०१४ साली एक सामायिक भांडार सुरू झाले. घरी जाऊन केलेली ती ६,४४१ जणांची पाहणी त्यात आहे, घोरणाऱ्या मुलांची पाहणीही आहे. नावे-गावे काढून टाकलेली. संशोधकाने आपले काम काय ते लिहून, अटी मान्य करून अर्ज केला की ती विनामूल्य वापरता येतात. कॉम्प्युटर आणि थोडे संख्याशास्त्र येणारी आपल्याकडची एखादी मुलगी आपल्या प्राध्यापकांच्या सहीने असा अर्ज करू शकते.